प्रोफाइलवर भाषा किती येते तेपण लिहायला लावा की

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात मोबाईलवर घरबसल्या परदेशी भाषा शिकणाऱ्या पोरांवर अर्धं पान आलं होतं. चांगलं होतं, कोणती साईट, फी किती, किती दिवसांत काय येतं असा तक्तापण दिला होता, पण एक गोष्ट त्यात कुठंच नव्हती आणि माझ्या मते सगळ्यात आधी तीच बघायला पाहिजे, ती म्हणजे तिथं आपली चूक दुरुस्त करणारा जो माणूस असतोय त्याला ती भाषा खरंच किती येते हे त्याच्या प्रोफाइलवर दिसतंय का नाही. त्यासाठी हे पत्र. लांबलंय, पण जागा कमी पडली तर बाकीचं कापा, भाकरीचा भाग तेवढा ठेवा.

मी मंगळवार पेठेत राहते, २२ वर्षं झाली शाळेच्या पोरांच्या मराठीच्या शिकवण्या घेते. मुलगा उद्यमनगरात सीएनसीवर कामाला आहे आणि रात्री जर्मन शिकतोय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ ला जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल कामगारांचा करार केला तेव्हापासनं आमच्या गल्लीत जर्मनचं वारंच शिरलंय, नर्सिंगच्या पोरी, आयटीआयची पोरं, सगळ्यांच्या तोंडी ए-वन, बी-वन, म्हणजे भाषा किती येते त्याच्या पायऱ्या. पोरामुळंच मला भाषा शिकायची एक साईट कळली. तिथं देवाणघेवाण चालते, म्हणजे शिकणारा दोन-चार वाक्यं लिहून टाकतो, ज्याला ती भाषा येते तो दुरुस्त करून देतो, पैसे नाहीत काही नाही. पोरगं म्हणालं आई, मराठी शिकणाऱ्यांची वाक्यं तू तपास की, तुझ्या हातचा मळ आहे. साईटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका साईटचा नाही.

तर भाकरीचं. नेदरलँड्सचा एक पोरगा, पुण्यात कंपनीत काम करतोय, त्यानं लिहिलं होतं, "मी काल पहिल्यांदा भाकरी खाल्ली." एकदम बरोबर वाक्य, काना-मात्रा सुद्धा बरोबर. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आणि खाली बघते तर एकानं त्यावर लाल रेघ मारून लिहिलंय, "तुम्ही पुरुष आहात म्हणून 'भाकरी खाल्ला' म्हणा." आणि त्या पोरानं धन्यवाद म्हणून वाक्य बदललं पण! दुसऱ्या दिवशी त्याचं नवीन वाक्य, "मी चपाती खाल्ला, मी भाजी आणला." आणखी तिघा-चौघा शिकणाऱ्यांनी त्या दुरुस्तीला लाईक दिलेला, म्हणजे तेपण तेच शिकले.

आता आपण मराठी माणसं यावर विचारच करत नाही, तोंडातनं आपोआप बरोबर येतं, पण बाहेरच्याला हे लई अवघड आहे. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं, इथं क्रियापद खाणाऱ्याकडं बघत नाही, काय खाल्लं त्याच्याकडं बघतं. खाणारा बाप्या असू दे नाहीतर बाई. आणि त्यातच परत "मी मराठी शिकलो, मी मराठी बोललो" इथं मात्र उलटं, इथं मराठी हा शब्द स्त्रीलिंगी असून क्रियापद शिकणाऱ्याकडं बघतं, पुरुष असेल तर शिकलो आणि बाई असेल तर शिकले. शिकणे, बोलणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं आहेत ती वेगळी चालतात. त्या दुरुस्त करणाऱ्यानं "मी मराठी शिकलो" हे कुठंतरी ऐकलं असणार आणि तोच नियम भाकरीला लावला. मी त्याच्याखाली हे सगळं समजावून लिहिलं, उदाहरणं दिली. तर त्या डच पोरानं काय विचारलं असेल? अगदी नम्रपणे विचारलं, की ताई तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगताय, तुमच्या दोघांच्याही प्रोफाइलवर "मराठी" एवढंच लिहिलंय, मी कुणाचं ऐकू?

मला उत्तरच सुचेना. खरंच, त्याला कसं कळणार? माझ्या नावापुढं मराठी, त्याच्या नावापुढं मराठी. मी जन्मापासनं बोलते, २२ वर्षं शिकवते, आणि तो गृहस्थ (नंतर त्यानंच सांगितलं, माणूस सज्जन आहे) मुंबईत नोकरीला येऊन ३ वर्षं झालेला, ऑफिसात ऐकून ऐकून शिकलेला. त्याचीपण चूक म्हणता येत नाही, मदत करायला आला होता बिचारा, आणि आपल्याला कामापुरतंच येतं हे सांगायला त्याला प्रोफाइलवर रकानाच नव्हता. असता तर त्यानं मध्यम म्हणून लिहिलं असतं, आणि त्या पोरानं दुरुस्ती घ्यायच्या आधी एकदा थांबून विचार केला असता. बास, एवढंच पाहिजे होतं.

हेच माझ्या पोराच्या जर्मनचं झालं. त्याच साईटवर एकजण भेटला, रोज अर्धा तास बोलायचे, प्रोफाइलवर "जर्मन" लिहिलेलं. महिनाभरानं पोरगं क्लासमध्ये "इश हाबे गेगांगेन" म्हणालं, म्हणजे मी गेलो. बाईंनी तिथंच थांबवलं, जाणे-येणे असल्या क्रियापदांना हाबे चालत नाही, "इश बिन गेगांगेन" म्हणायचं. नवशिका हमखास करतो ती चूक आहे ही म्हणे, आणि समोरचापण नवशिकाच होता, याच्यापेक्षा दोन महिने पुढं. दोघं मिळून महिनाभर तेच घोटत बसले. आता जिभेवर बसलेलं काढायला दुप्पट वेळ लागला, घरात पोळी लाटताना मला ऐकू येतंय, बिन गेगांगेन, बिन गेगांगेन. जर्मनीत नर्सचं काम करायला साधारण बी-टू मागतेत, आमच्या गल्लीतल्या पोरी त्यासाठी रात्रपाळी करून अभ्यास करायल्यात, आईबापानं सोनं मोडून क्लासची फी भरलीय. असल्या पोरींचा एक महिना वाया जाणं काय असतं हे साईट काढणाऱ्यांना कळत असेल का?

आणि हे करणं काही अवघड नाही, दुसरीकडं चालू आहेच की. विकिपीडियावर लिहिणारे लोक आपल्या सदस्य पानावर भाषेचे छोटे चौकोन लावतेत, बॅबेल म्हणतेत त्याला. भाषेचं चिन्ह आणि पुढं आकडा, ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे जुजबी, असं करत ५ पर्यंत, आणि आईची भाषा असेल तर आकड्याऐवजी एन अक्षर. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, ज्याचं त्यानं लिहायचं, पण बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. तातोएबा म्हणून वाक्यांचा साठा आहे इंटरनेटवर, (जपानी शब्द आहे, अर्थ "उदाहरणार्थ"), तिथंपण सदस्याच्या प्रोफाइलवर प्रत्येक भाषेपुढं, ती जितकी येते तितक्या, चांदण्या असतेत, आणि वाक्यं शोधताना ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनी लिहिलेलीच वाक्यं दाखव असं सांगता येतं. मराठीची वाक्यं आहेत तिथं, शिकवणाऱ्यांनी जरूर बघावीत.

पण साहेब, नुसत्या चांदण्यांनी सगळं भागत नाही हे पण मी सांगणार आहे, कारण माझ्या घरातच त्याचं उदाहरण आहे. माझ्या सासूबाई निपाणीकडच्या, माहेरची भाषा कन्नड, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि इथं मराठी शिकल्या. कन्नड असं फाडफाड बोलतात की माहेरची माणसं आली की मला निम्मं कळत नाही. पण कन्नडचं एक अक्षर वाचता येत नाही. मराठी बोलतात सगळं, भाजीवालीशी भाव करण्यापासनं कीर्तनातल्या दाखल्यापर्यंत, पण वाचायचं म्हणजे केएमटीचा बोर्ड, तोपण बस थांबली तर. २०११ ला जनगणनेचे मास्तर घरी आले तेव्हा मातृभाषा कन्नड, इतर भाषा मराठी असं लिहून घेतलं. जनगणनेत मातृभाषा आणि त्याशिवाय येणाऱ्या दोन भाषा एवढंच विचारतेत, किती येते, वाचता येते का, ते विचारत नाहीत. मोजणीसाठी ते ठीक आहे, पण शिकायच्या साईटवर? सासूबाईंच्या नावापुढं "कन्नड, मातृभाषा" आणि पाच चांदण्या लावल्या आणि एखाद्यानं कन्नडमध्ये लिहिलेलं वाक्य तपासायला पाठवलं तर त्या काय करणार? आणि उलट, ज्याला कन्नड कानानं शिकायची आहे त्याला सासूबाईंसारखं माणूस अख्ख्या कोल्हापुरात मिळणार नाही.

म्हणून रकाने वेगवेगळे पाहिजेत. हे काही माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली जी ए-वन ते सी-टू अशी सहा पायऱ्यांची पट्टी काढली, तिच्यात आपली आपण पातळी ठरवायचा एक तक्ता आहे, त्याला पाच रकाने आहेत. ऐकणं, वाचणं, समोरच्याशी बोलणं, एकट्यानं सलग बोलणं आणि लिहिणं. समोरच्याशी बोलणं आणि सलग बोलणं हे त्यांनी वेगळं काढलंय बघा, किती बारीक विचार केलाय, कारण दुकानात सौदा करणारा माणूस चार लोकांपुढं पाच मिनिटं उभा राहून बोलू शकेलच असं नाही. पोराच्या जर्मनच्या परीक्षेतपण वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार वेगळे भाग आहेत, बी-वनला प्रत्येक भागात १०० पैकी ६० पाहिजेत, एकात जास्त मिळवून दुसऱ्याचं भरून निघत नाही.

आणि जपानीचं तर ऐका. माझी भाची पुण्यात जपानी कंपनीत आहे. जेएलपीटी नावाची त्यांची परीक्षा १९८४ पासनं आहे, २०१० पासनं एन-फाईव्ह ते एन-वन अशा पाच पातळ्या, जगभर मानतेत. पण त्या परीक्षेत बोलायचा पेपरच नाही! शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं गोल काळे करून. भाची स्वतः सांगते की एन-थ्री झाल्यावर पहिल्यांदा जपानी साहेब समोर आला तर तोंडातनं शब्द फुटेना. तिनं प्रोफाइलवर नुसतं "जपानी, एन-थ्री" लिहिलं तर ते खरं आहे पण अर्धं आहे. आणि तारीखपण पाहिजे. परीक्षा कधी दिली, त्यानंतर भाषा वापरात आहे का? दहा वर्षांपूर्वी पास होऊन परत कधी पुस्तक उघडलं नसेल तर त्या सर्टिफिकेटवर विसंबून दुसऱ्याला शिकवणं बरोबर नाही. पातळी स्वतः सांगितलेली आहे का परीक्षा देऊन मिळालेली आहे हे सुद्धा शेजारी यावं, दोन्हींचं वजन एक नसतं.

आता लोक म्हणतील ज्याचं त्यानं लिहायचं म्हटल्यावर लोक फुगवून लिहिणार. लिहितील की काहीजण. इंग्रजीच्या बाबतीत तर नक्कीच, आपल्याकडं बायोडाटात "फ्लुएंट" लिहिल्याशिवाय कुणी राहतंय का. पण मला जास्त काळजी उलटी आहे, आणि हे मला मनापासनं सांगायचंय. आमच्या शेजारच्या काकूंना मी म्हटलं, तुम्ही पण साईटवर या, मराठी शिकणाऱ्यांशी बोला, तुमचा वेळ जाईल. फॉर्म भरताना "आपली मराठीची पातळी" असा प्रश्न फॉर्मात आहे असं धरून मीच तोंडी विचारलं, पाचपैकी किती देऊ? काकू म्हणाल्या, "तीन दे. आमची मराठी कुठं शुद्ध आहे बाई." साठ वर्षं जी बाई मराठीतच जगली, मराठीत भांडली, मराठीत ओव्या म्हणून नातवंडं झोपवली, ती स्वतःला तीन देते! कारण शाळेत असताना मास्तरांनी "न्हाई" म्हटलं म्हणून पट्टी मारलेली ती अजून हातावर आहे. अशी किती माणसं असतील आपल्या जिल्ह्यात. राधानगरीचं, चंदगडचं, गडहिंग्लजचं माणूस पुण्या-मुंबईच्या माणसापुढं स्वतःची भाषा कमीच धरतं. केंद्र सरकारनं ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, बिंदू चौकात पेढे वाटले असतील नसतील मला माहीत नाही, पण आमच्या काकू अजून तीनवरच आहेत.

म्हणून "किती येते" असं विचारून आकडा मागण्यापेक्षा "काय काय करता येतं" असं विचारावं. त्या युरोपच्या तक्त्यात तसंच आहे, प्रत्येक पायरीला मला हे करता येतं, ते करता येतं अशी वाक्यं आहेत. आपण आपली लिहू की. रंकाळ्यावर भेळ मागता येते, तिखट कमी सांगता येतं. रिक्षावाल्याला गंगावेशीतनं कुठं वळायचं ते सांगता येतं. दवाखान्यात कुठं दुखतंय, कधीपासनं दुखतंय, कसं दुखतंय, ठसठसतंय का चमक मारतीय, हे डॉक्टरला सांगता येतं. सातबारा वाचून समजतो. मयताच्या घरी जाऊन काय बोलायचं ते कळतं. हे शेवटचं ज्याला जमलं त्याला मी तरी पाचाच्या पाच चांदण्या देईन. असं विचारलं तर काकू प्रत्येक ओळीवर हो म्हणतील आणि तिकडं तीन वर्षं मुंबईत राहिलेला माणूस कुठं थांबायचं तिथं आपोआप थांबेल.

आणि मातृभाषा म्हणून लिहिलं की संपलं असंपण नाही, गाव लिहिलं पाहिजे. त्याच साईटवर एका मुलीनं विचारलं होतं, बाई माणूस "मी येतो" म्हणू शकते का? मी लिहिलं, हो, आमच्या कोल्हापुरात बायका "मी येतो, मी जातो, मी आलो" असंच म्हणतात, माझी आई, सासू, बहिणी सगळ्या. लगेच पुण्याच्या एक बाई आल्या, म्हणाल्या हे साफ चुकीचं आहे, "येते" म्हणायचं, उगीच शिकणाऱ्यांची दिशाभूल करू नका. त्यांच्या दृष्टीनं त्या बरोबर, परीक्षेत तेच लिहायचं, मी सुद्धा माझ्या पोरांना तेच शिकवते आणि हे पत्रपण "राहते, घेते" करूनच लिहितेय. पण घरात मी "येतो"च म्हणतो आणि त्यात चूक काहीच नाही. आम्ही दोघी मातृभाषिक, दोघी खऱ्या, आणि बघणाऱ्याला वाटलं एक जण खोटं बोलतीय. त्यांच्या नावापुढं "मराठी, पुणे" आणि माझ्या नावापुढं "मराठी, कोल्हापूर" एवढं असतं तर वादच झाला नसता, उलट त्या मुलीला दोन्ही गोष्टी शिकायला मिळाल्या असत्या. ती लग्न होऊन इचलकरंजीला येणार आहे हे तिनं नंतर सांगितलं, म्हणजे तिला तर सासरी "येतो"च ऐकायचंय!

साईटवाल्यांना मी हे सगळं ईमेल करून कळवलं. उत्तर आलं दोन ओळींचं, सूचना नोंदवली आहे, नवीन सदस्य घाबरू नयेत म्हणून पातळी दाखवत नाही. हे मला पटत नाही. कमी येतं म्हणून कुणाला लिहू देऊ नका असं मी म्हणतच नाही, कमी येणाऱ्यांनीच तर जास्त लिहिलं पाहिजे, चुकलं पाहिजे. ए-वनवाल्यानं दुसऱ्या ए-वनवाल्याला धीर द्यावा, मी कसं पाठ केलं ते सांगावं, ते मातृभाषिकाला जमत नाही कधी कधी, आपल्याला कुठं अडतं तेच कळत नसतं. पण दुरुस्ती ही वेगळी गोष्ट आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाशेजारी, तिथल्या तिथं, त्याची पातळी दिसली पाहिजे, प्रोफाइल उघडून तीन पानं आत जायला कुणाला वेळ आहे. आणि घाबरायचं म्हणाल तर माझ्या शिकवणीला येणारी पोरं कितवीत आहेत हे सांगायला कधी घाबरली नाहीत, चौथीतला चौथीत, नववीतला नववीत.

सध्या मी एवढं केलंय की "माझ्याबद्दल" असा जो मोकळा चौकोन असतो त्यात हातानं लिहून टाकलंय. मराठी, आईची भाषा, कोल्हापूर, शिकवते. हिंदी, बोलते, लिहिताना लिंग चुकतं. कन्नड, कानावर आहे, बोलता थोडं, वाचता येत नाही. इंग्रजी, पेपर वाचते, बोलायला अडखळते. ते बघून तो डच पोरगा आणि आणखी काहीजणांनी आपापलं लिहिलं, तो मुंबईचा गृहस्थ सुद्धा, आणि आता तो दुरुस्ती करताना खाली लिहितो, कुणीतरी मातृभाषिकानं एकदा बघा. काकूंच्या चौकोनात मी तीन लिहिलं नाही. "मराठी, आईची भाषा, कोल्हापूर, वाचून नाही, बोलून विचारा" असं त्यांना विचारून लिहिलं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आमटी आणि कालवण यात फरक काय विचारलं तर काकूंनी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला, मसाला कुठल्या क्रमानं भाजायचा इथपर्यंत.

तुमच्या त्या पानाचा पुढचा भाग काढणार असाल तर साईट, फी आणि कालावधी यांच्याशेजारी तक्त्यात आणखी एक रकाना घाला, सदस्याची पातळी दिसते का, हो का नाही. आमच्या गल्लीतल्या पोरी तो तक्ता कापून ठेवतात, मी बघितलंय.

आपली नेहमीची वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर